‘कॅज’ला मराठीत ‘भीक मागणे’ म्हणावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोन इंग्रजी गोष्टींचा अनुवाद करताय. पहिली १९५०च्या दशकातल्या लंडनमधल्या एका कचेरीत घडते. तिच्यातला एक कारकून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून रोज एक सिगारेट ‘कॅज’ करतो. शब्दकोशात तुम्हाला अर्थ मिळाला ‘भीक मागणे’. दुसरी गोष्ट जुन्या स्कॉटलंडमधली. तिच्यात एक ‘कॅजर’ तट्टावर अंडी आणि लोणी लादून बाजाराला निघतो. तो कुणापुढे हात पसरत नाही, रोख व्यवहार करतो. तुम्ही विचारलंय की हा शब्द एकच आहे का, आणि पहिल्या वाक्यात ‘भीक’ घातली तर चालेल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालणार नाही. शब्दकोश चुकलेला नाही, पण त्यानं तुम्हाला दोनशे वर्षांपूर्वीचा अर्थ दिलाय आणि तुमचा कारकून सत्तर वर्षांपूर्वीचा आहे. मधल्या काळात हा शब्द रस्त्यावरून उठून कचेरीत आला, कॉलेजात आला, घरात आला. आज इंग्लंडमध्ये कुणी ‘मी त्याच्याकडून गाडीत जागा कॅज केली’ असं म्हणतो, तेव्हा त्यात कुणी भिकारी नसतो. दोन ओळखीची माणसं असतात, त्यातला एक जण जरा आगाऊ आणि दुसरा जरा भिडस्त.

इंग्रजीतून मराठीत अनुवाद करायला लागून मला तीसेक वर्षं झाली. सुरुवातीच्या वर्षांत मी नेमकी हीच चूक केली होती. दोन मित्र सुट्टीत हिंडायला निघतात आणि एक ट्रकवाला त्यांना पुढच्या गावापर्यंत सोडतो, असा प्रसंग होता. मी लिहिलं, ‘त्यांनी ट्रकवाल्याकडे पुढच्या गावापर्यंत नेण्याची भीक मागितली.’ हस्तलिखित तपासणाऱ्या संपादक बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं एकच प्रश्न लिहिला होता, ‘ही मुलं रडत होती का?’ मी मूळ इंग्रजी पान पुन्हा काढलं. मुलं रडत नव्हती. ती ट्रकवाल्याशी गप्पा मारत होती आणि उतरताना त्याला हात करत होती. एका क्रियापदामुळे मी दोन खुशालचेंडू पोरांना दीनवाणं करून ठेवलं होतं. ती पेन्सिलीची ओळ मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नामागची खरी अडचण मला अशी दिसते. ‘कॅज’चा अर्थ तुम्हाला कळलाय. कळायचं राहिलंय ते त्यातलं नातं. मागणारा कोण, देणारा कोण, वस्तू केवढी, आणि हे एकदाच घडतं की रोजचंच आहे, यावर मराठी शब्द ठरतो. इंग्रजीत ही सगळी कामं एकच क्रियापद उरकतं. मराठीत ती वाटून द्यावी लागतात.

मी स्वतः कसा विचार करतो ते सांगतो. ‘कॅज’ला जवळजवळ नेहमी एक लहानशी वस्तू लागते. सिगारेट, काडेपेटीतली काडी, चहाचा कप, एखादं जेवण, गाडीतली जागा, रात्रीपुरता सोफा. कुणी घर कॅज करत नाही, नोकरी कॅज करत नाही. वस्तू एवढी लहान असते की नाही म्हणायला देणाऱ्याला लाज वाटावी. सगळी मेख या लाजेत आहे. मागणाऱ्याला ती पक्की ठाऊक असते आणि तिच्यावरच त्याचं काम होतं.

दुसरी गोष्ट परतफेडीची. आपल्याकडे शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, तर ती उसनी. वाटी परत जाते तेव्हा भरून जाते, कधी कधी आणली त्याहून थोडी शिगोशीग. हातउसने पैसेही परत करायचेच असतात, निदान तसं ठरलेलं असतं. ‘कॅज’ करणारासुद्धा पुष्कळदा ‘उसनी दे रे एक’ असंच म्हणतो. पण एक सिगारेट कोण परत करतो आणि कोण परत मागतो? शब्द उसनवारीचा वापरायचा आणि व्यवहार फुकटाचा करायचा, हे दोघांनाही माहीत असतं. त्यामुळे साध्या ‘मागणे’त हा रंग येत नाही आणि ‘उसने घेणे’ लिहिलं तर ते खोटं ठरतं.

आता मराठीत हाताशी काय आहे ते पाहू. माझ्या मते सगळ्यात जवळचा शब्द ‘उपटणे’. ‘त्यानं माझ्याकडून फुकटचा चहा उपटला’ यात वस्तूचं लहानपण आहे, देणाऱ्याची किंचित कुरकुर आहे, आणि घेणाऱ्याचा निर्लज्जपणाही आहे. पण ‘उपटणे’ हा देणाऱ्याच्या बाजूनं बोलणारा शब्द आहे. इंग्रजीत माणूस स्वतःबद्दलही हसत हसत म्हणतो, ‘मी एक सिगारेट कॅज केली.’ मराठीत स्वतःबद्दल ‘मी त्याच्याकडून सिगारेट उपटली’ म्हटलं की फुशारकी वाटते. अशा वेळी मी ‘त्याच्याकडून एक सिगारेट मागून घेतली’ लिहितो आणि वाक्यात एखादा ‘चकटफू’ किंवा ‘आयती’ पेरतो. ‘गाडी आयतीच मिळाली’ एवढ्यावरही काम भागतं.

‘ढापणे’ अनेक जण वापरतात, मला ते पटत नाही. ढापलेली वस्तू देणाऱ्याच्या नकळत जाते. कॅज केलेली वस्तू देणारा स्वतःच्या हातानं देतो, मनातून नाराज असला तरी. ‘उकळणे’ला दाबाचा वास येतो. पैसे उकळणारा धमकी देतो किंवा कुणाचं गुपित धरून बसतो. ‘लाटणे’ला वस्तू मोठी लागते, जमीन लाटतात, अनुदान लाटतात. आणि ‘तोंड वेंगाडणे’ किंवा ‘पदर पसरणे’ आलं की मागणाऱ्याची गरज खरी आणि मोठी होते, प्रसंगाचा सूरच बदलतो. तुमच्या कारकुनाची गरज मोठी नाही. त्याला फक्त स्वतःची पाकीटं विकत घ्यायची नाहीत.

इथवरचं सांगायचं तर ‘कॅज’ म्हणजे ओळखीच्या माणसाकडून, त्याच्या भिडेचा फायदा घेऊन, परत न करायची लहान वस्तू मागून मिळवणं. आता तुमच्या तट्टावाल्याकडे वळू. हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो, आणि शब्दाचा खडबडीतपणा कुठून आला तेही इथेच कळतं.

स्कॉटलंडमध्ये ‘कॅजर’ हा शब्द पंधराव्या शतकाच्या मध्यापासून लिखाणात सापडतो. तेव्हा तो घोड्यावर माल लादून खेडी आणि शहर यांच्यात ये-जा करणारा फिरता व्यापारी होता. शेतकऱ्यांच्या घरून अंडी, लोणी, कोंबड्या गोळा करायच्या, शहरात विकायच्या, आणि येताना सुया, दोरे, फिती असा दुकानी माल खेड्यात आणायचा. किनाऱ्यावरचे कॅजर मासळी आतल्या गावांत पोचवायचे. अँगस परगण्यात उसान नावाचं मासेमारीचं गाव आहे. तिथून फॉरफरपर्यंत राजाच्या मुदपाकखान्यासाठी मासळी नेणाऱ्या कॅजरची खास वाट होती, असं तिथे परंपरेनं सांगतात. स्कॉट लोकांची एक म्हणही आहे. तिचा आशय असा की राजाचं कामसुद्धा कधीतरी कॅजरच्या वाटेवर येऊन पडतं. मोठ्याला लहानाची गरज लागते, हे सांगायला त्यांनी कॅजर निवडला. म्हणजे तो समाजात खालचा होता, पण भिकारी नव्हता. त्याच्याकडे घोडा होता, माल होता, ठरलेला रस्ता होता, आणि गावं त्याची वाट पाहत असत.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की शब्द बहुधा एकच आहे. ‘बहुधा’ म्हणतो, कारण ‘भीक मागणे’ या अर्थाचं क्रियापद ‘कॅजर’ या नामातूनच मागाहून पाडलं गेलं हा अभ्यासकांचा सयुक्तिक अंदाज आहे, पण त्याच्यावर शिक्कामोर्तब झालेलं नाही. नामाच्याही मागे जाऊन ‘बांधणे’ या अर्थाच्या एका जुन्या धातूशी नातं लावतात. ओझं बांधून नेणारा तो कॅजर, हे जुळतं खरं. तरी त्याच्याही पलीकडे वाट धुकट होते.

एका गोष्टीपासून मात्र जपा. ससाण्यांच्या शिकारीबद्दलची माहिती वाचताना तुम्हाला एक झकास कथा भेटेल. ससाणे बसवायची एक लाकडी चौकट असते, तिलाही ‘कॅज’ म्हणतात. ती खांद्यावर वाहणारा म्हातारा नोकर बघ्यांकडून चार नाणी मागायचा, म्हणून ‘कॅज’ म्हणजे मागणं झालं, अशी ती कथा. ऐकायला गोड आहे, पण तारखा जुळत नाहीत. चौकटीच्या अर्थाचा शब्द सतराव्या शतकातला, आणि तो बहुधा पिंजरा या अर्थाच्या ‘केज’चाच उच्चारभेद आहे. घोड्यावरचा कॅजर त्याच्या दीडशे वर्षं आधीपासून रस्त्यावर आहे. व्युत्पत्ती सांगताना चित्र जितकं देखणं, तितकी तारीख दोनदा पाहायची, अशी सवय मी स्वतःला लावून घेतली आहे.

मग व्यापाऱ्याचा भिकारी कधी झाला? लेखी पुरावा नेमका कुठे मिळतो ते पाहा. जेम्स हार्डी वॉक्स नावाचा एक इंग्रज चोर होता. त्याला एकदा नव्हे, तीनदा ऑस्ट्रेलियात हद्दपार केलं. दुसऱ्या खेपेला न्यू साउथ वेल्समधल्या न्यूकॅसलच्या वसाहतीत सक्तमजुरी भोगताना, १८१२ मध्ये, त्यानं चोरांच्या बोलीचा एक छोटा कोश लिहिला आणि तो तिथल्या कमांडंटला अर्पण केला. १८१९ मध्ये तो त्याच्या आठवणींबरोबर लंडनमध्ये छापून निघाला. त्यात ‘कॅज’ हे क्रियापद आहे, अर्थ दिलाय भीक मागणे. त्याच नोंदीत तो सांगतो की ‘कॅज’ हे भीक मागण्याच्या धंद्याचंही नाव आहे. भिकाऱ्यासाठी ‘कॅज-ग्लोक’ असा वेगळा शब्दही त्यानं नोंदवलाय. म्हणजे १८१२ पर्यंत हा शब्द चोर-भामट्यांच्या बोलीत पुरता रुळला होता. ‘अमुक वस्तू कॅज करणे’, म्हणजे ती मागून मिळवणे, ही रचना लिखाणात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दिसते. तुमच्या कारकुनाची सिगारेट याच रचनेतली.

काही जण सांगतात की आगगाडी आली, घोड्यावरचे व्यापारी बुडाले आणि भिकेला लागले, म्हणून शब्द घसरला. मला ते मान्य नाही. प्रवाशांची आगगाडी इंग्लंडात १८२५ नंतरची, आणि वॉक्सचा कोश त्याच्या आधीचा. शब्द घसरला तो मला वाटतं दारामुळे. फिरता व्यापारी दारात येतो, भिकारीही दारात येतो. दोघांचे कपडे रस्त्यानं मळलेले, दोघांची गावात ओळख नाही. घरातल्या माणसाला दार उघडताना दोघांत काय फरक दिसणार? त्यातून काही माणसं खरोखरच दोन्ही करत. हातात चार बुटांच्या नाड्या घ्यायच्या, विकल्यासारखं करायचं, आणि नाडी नको असेल तर एक नाणं तरी द्या म्हणायचं.

कायद्यानं ही सरमिसळ पक्की केली. नेपोलियनशी झालेली युद्धं संपल्यावर बेकार सैनिक आणि मजूर रस्त्यावर आले, आणि १८२४ मध्ये ब्रिटिश संसदेनं भटकेपणाविरुद्धचा कायदा केला. त्याच्या तिसऱ्या कलमात परवान्याशिवाय हिंडून माल विकणारा फेरीवाला आणि सार्वजनिक जागी भीक मागणारा माणूस, दोघांनाही एकाच नावाखाली गोवलंय. ‘आळशी आणि बेशिस्त व्यक्ती.’ शिक्षा जास्तीत जास्त एक महिना कैद. विकणारा आणि मागणारा कायद्याच्या एकाच वाक्यात बसले, मग बोलीत एकाच शब्दात बसले यात नवल नाही.

त्या एका महिन्याची सावली मला एका नकाशात दिसली. जॉन कॅम्डेन हॉटन या प्रकाशकानं १८५९ मध्ये लंडनच्या रस्त्यावरच्या बोलीचा कोश काढला. त्यात ‘कॅजरचा नकाशा’ छापलाय. भीक मागत हिंडणाऱ्यांनी मागून येणाऱ्यांसाठी घरांवर आणि वाटांवर कोणत्या खुणा करून ठेवल्या, त्याचा तो नकाशा. साध्या रेघांचं चित्र, रस्ते, वळणं, घरं, आणि घराशेजारी एकेक खूण. चौकटी खूण, म्हणजे टोकावर उभा केलेला चौकोन, असेल तर घर चांगलं. त्रिकोण असेल तर फार लोक येऊन गेल्यानं बिघडलेलं. सरळ चौकोन असेल तर माणसं वाईट, पकडून देतील, कुत्र्याला जपा. फुली म्हणजे इथे काही मिळायचं नाही, गरीब आहेत आणि सगळं ओळखूनही आहेत. वर्तुळात क्रूस असेल तर धार्मिक, पण एकंदरीत बरे. आणि वर्तुळात ठिपका असेल तर धोका, एक महिन्याची कैद ठरलेली.

तो नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ तो ठिपका बघत बसलो होतो. कायद्याच्या पुस्तकातला तो महिना कुणीतरी खडूच्या एका ठिपक्यात उतरवला होता, तोही स्वतःसाठी नव्हे, मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी. ‘कॅज’ या शब्दात नुसतं मागणं नव्हतं. माणसं वाचायचं कौशल्य होतं. कुठल्या दारात काय बोलायचं, कुठे थांबायचं नाही. आजच्या ‘कॅज’मध्येही ते शिल्लक आहे. तुमचा कारकून सगळ्या कचेरीतून नेमका त्या एकाच भिडस्त माणसाकडे जातो. त्याच्याही डोक्यात टेबलांचा असा एक नकाशा असणार.

विकण्याच्या आडून मागणं पुढेही चालू राहिलं. इंग्रज लेखक जॉर्ज ऑरवेल १९३०च्या सुमाराला फाटके कपडे घालून लंडनच्या भटक्यांमध्ये राहिला आणि १९३३ मध्ये त्यावर त्याचं पुस्तक आलं. त्यात तो स्पष्ट करतो की लंडनचे भिकारी काड्यांच्या पेट्या का विकतात किंवा गाणी का म्हणतात. उघड पैसे मागितले तर पोलीस पकडतील, काड्यांची तबकडी हातात असली की तो धंदा ठरतो. त्यानं रस्त्यावरच्या शब्दांची एक यादीही दिली आहे. तिच्यात ‘मूचर’ म्हणजे कसल्याही धंद्याचा आव न आणता सरळ भीक मागणारा, असा अर्थ आहे. ज्या समाजात मागणाऱ्याला विकणाऱ्याचं सोंग घ्यावं लागतं, तिथे सोंग न घेणाऱ्यासाठी वेगळा शब्द लागणारच.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडचा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९चा. त्यातली भिकेची व्याख्या काढून वाचा. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं किंवा ‘एखादी वस्तू विकायला पुढे करणं’ अशा मिषानं भिक्षा मागणं, हीही भीकच, असं ती म्हणते. सिग्नलला पेनं किंवा कापडाचे तुकडे विकणारं पोर या व्याख्येत अलगद येतं. स्कॉटलंडच्या कॅजरला बोलीनं जे केलं ते इथे कायद्यानं थेट लिहून केलं. दिल्लीला हा कायदा लागू केला होता. तिथे त्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. मला तो निकाल मनापासून योग्य वाटतो. पोट भरायला मागणारा माणूस गुन्हेगार कसा, हे मला कधीच समजलेलं नाही.

आणि ‘भीक’ हा मराठी शब्द ‘कॅज’च्या जागी टाकताना म्हणूनच माझा हात थांबतो. मराठीत मागण्याचे शब्द फार आहेत आणि फार वेगवेगळ्या उंचीचे आहेत. ‘भीक’ ‘भिक्षा’ या शब्दातूनच आली, पण भिक्षा मागणारा बटू मुंजीत ताठ उभा असतो आणि आई त्याच्या झोळीत तांदूळ घालते. माधुकरी मागणारा विद्यार्थी पाच घरांतून शिजलेलं अन्न गोळा करतो, वार लावून जेवणारा दिवस वाटून घेतो, जोगवा मागणारी देवीच्या नावानं परडी पुढे करते. यात मागणाऱ्याची मान खाली जात नाही, कारण देणाऱ्याला पुण्य लागतं असं दोघंही मानतात. ‘भीक’मध्ये मान खाली जाते. ‘भीक नको पण कुत्रं आवर’ म्हणताना आपण त्या माणसाची सगळी अवस्था डोळ्यांपुढे आणतो. ‘कॅज’मध्ये पुण्यही नाही आणि अवस्थाही नाही. नुसती भीड आहे. म्हणून तो शब्द या शिडीच्या कुठल्याच पायरीवर बसत नाही. तिथे ‘उपटणे’, ‘मागून घेणे’, ‘फुकट्या’ ही घरगुती शब्दसंपत्तीच कामाला येते.

या क्रियापदाची भावंडंही तुम्हाला पुढे भेटतील, त्यांच्याबद्दल दोन शब्द. अमेरिकन माणूस सिगारेट ‘कॅज’ करत नाही, ‘बम’ करतो. तो शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. त्याच्यामागे रिकामटेकडं हिंडणं या अर्थाचा जर्मन शब्द असावा असं मानतात. अमेरिकन यादवी युद्धात १८६४ मध्ये जनरल शर्मनच्या सैन्यासाठी वाटेतल्या मळ्यांतून धान्य-जनावरं ओढून आणणाऱ्या शिपायांनाही ‘बमर’ म्हणत. ‘स्क्राउंज’ पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या तोंडून सर्वत्र पसरला. त्यात मागण्यापेक्षा हुडकून पैदा करणं जास्त आहे. सरपण, डबा, घोंगडी, कुठून आणलं ते विचारू नये. तिथे ‘पैदा करणे’ छान बसतं आणि क्वचित ‘ढापणे’सुद्धा. ‘स्पंज’ सतराव्या शतकापासून आहे, आणि तो एका सिगारेटीचा नसून कायम दुसऱ्याच्या जिवावर जगण्याचा आहे. त्याला आपला ‘ऐतखाऊ’ चपखल. ‘पॅनहँडल’ हा अमेरिकेतला शब्द रस्त्यावर अनोळखी लोकांपुढे हात पसरण्याचा, तिथे मात्र ‘भीक मागणे’ बेलाशक लिहा. ‘मूच’ ऑरवेलच्या काळी सरळ भिकेचा होता. आज तो अमेरिकेत मित्रांच्या घरी फुकट राहण्या-जेवण्यापर्यंत सौम्य झालाय. म्हणजे तोही ‘कॅज’च्याच वाटेनं गेला. म्हणून पुस्तक कुठल्या देशातलं आणि कुठल्या दशकातलं, हे आधी पाहिल्याशिवाय या शब्दांना हात लावू नये.

आता तुमची दोन वाक्यं. ज्या संदर्भात तुम्ही दिलीत त्यावरून मी काय लिहीन ते सांगतो. पूर्ण प्रकरण माझ्यापुढे नाही, तेव्हा यात फरक पडू शकतो.

कारकुनाच्या बाबतीत बोलणारा कोण हे महत्त्वाचं. तुमच्या पहिल्या गोष्टीत सिगारेट देणारा सहकारीच सगळं सांगतोय. त्यामुळे ‘उपटणे’ बिनधास्त वापरा: ‘जेवणाची सुट्टी झाली की तो माझ्या टेबलाशी यायचा, हवापाण्याचं काहीतरी बोलायचा आणि एक सिगारेट उपटून जायचा.’ हवापाणी मूळ वाक्यात नसेल तर घालू नका. मी ते लय दाखवण्यापुरतं घातलंय. तीच गोष्ट कारकुनाच्या तोंडी असती तर मी लिहिलं असतं, ‘त्याच्याकडून एक मागून घ्यायची माझी सवयच झाली होती.’ आणि पुढे कुठे चिडलेली बायको त्याला ‘कॅजर’ म्हणाली, तर डोळे मिटून ‘फुकट्या’.

तट्टावाल्यासाठी ‘कॅजर’ हा शब्द तसाच ठेवायचा मोह होईल, ठेवू नका. मराठी वाचकाला तो काहीच सांगत नाही. नुसतं ‘फेरीवाला’ केलं तर डोळ्यांपुढे हातगाडी येते. ‘व्यापारी’ म्हटलं तर गादी-तक्क्या येतो. ‘वंजारी’ किंवा ‘लमाण’ म्हणावंसं वाटेल, कारण तेही जनावरांवर माल लादून हिंडत. पण ती इथल्या समाजांची नावं आहेत. ती स्कॉटलंडच्या माणसाला लावली की वाचक बालाघाटाच्या डोंगरात जाऊन पोचतो. मी पहिल्यांदा तो येतो तिथे त्याचं काम सांगून टाकीन: ‘खेड्यापाड्यांतून अंडी-लोणी गोळा करून तट्टावर बाजाराला नेणारा माणूस’. तिथून पुढे सगळीकडे ‘तट्टूवाला’. पण गोष्टीत पुढे कुणी गावकरी या माणसाला तुच्छतेनं हाक मारत असेल, किंवा कुणी त्याच्यावर दार लावून घेत असेल, तर तेवढं मला कळवा. त्या जागी लेखकानं शब्दाचे दोन्ही अर्थ जाणूनबुजून एकत्र आणले असण्याची शक्यता आहे, आणि मग ‘तट्टूवाला’ पुरणार नाही. ते पान पाहूनच ठरवावं लागेल.